हरित हायड्रोजनचा धंदा आणि कारागिराची वही

गेल्या तीन-चार वर्षांत हरित हायड्रोजनचे नाव वर्तमानपत्रांत वारंवार वाचायला मिळते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले व त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली. २०३० पर्यंत देशात दरवर्षी ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करण्याची क्षमता उभी राहावी, असे या मिशनचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी जुलै महिन्यात आपले स्वतंत्र धोरण मंजूर करून त्यासाठी ८,५६२ कोटी रुपयांची तयारी दाखविली. एवढे मोठे आकडे दिसले की आपला लहान व्यावसायिक पान उलटतो. हा बड्या उद्योगपतींचा खेळ आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे तो मनाशी म्हणतो.

त्यात आता आणखी दोन शब्दांची भर पडली आहे. एक कृत्रिम बुद्धिमत्ता आणि दुसरा डिजिटल ट्विन. हरित हायड्रोजनचे कारखाने या दोन साधनांच्या आधारे आखले जाऊ लागले आहेत आणि चालविलेही जात आहेत. हे ऐकून वेल्डिंगच्या गाळ्यात काम करणारा माणूस अधिकच बुजतो. आमचे म्हणणे असे आहे की, यात बुजण्यासारखे काही नाही. मात्र गाफील राहण्याचीही ही वेळ नाही. कारण या कारखान्यांची छोटी-मोठी कामे उद्या कोणाला मिळतील, हे हातातल्या कसबावर जेवढे ठरेल, तेवढेच केलेल्या कामाची खरी नोंद कोणापाशी आहे यावरही ठरेल. नेमके याच बाबतीत आपण मागे आहोत.

हा वायू बनतो कसा?

पाण्यातून वीज सोडली की पाण्यातील हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. हे ज्या यंत्रात घडते त्याला इलेक्ट्रोलायझर म्हणतात. ही वीज सूर्यापासून किंवा वाऱ्यापासून मिळविलेली असेल तर त्या हायड्रोजनला हरित म्हणावयाचे. आज आपल्या देशात वापरला जाणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढलेला असतो आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे तेल शुद्धीकरण कारखाने व खत कारखाने. थळ आणि ट्रॉम्बे येथील खत कारखान्यांतील अमोनियासुद्धा नैसर्गिक वायूपासूनच बनत आला आहे. या जुन्या पद्धतीत एक किलो हायड्रोजनमागे साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या ठरविली. त्यानुसार बारा महिन्यांच्या सरासरीने एक किलोमागे हे प्रमाण २ किलोच्या वर जाता कामा नये.

आता धंद्याचा हिशेब पाहू. एक किलो हायड्रोजनसाठी पाणी ९ लिटर लागते. शुद्धीकरणात जे वाया जाते ते वेगळे. वीज मात्र साधारण ५० ते ५५ युनिट लागते. विजेचा दर ५ रुपये धरला तर नुसत्या विजेचे २५० ते २७५ रुपये झाले. दर ३ रुपये धरला तर १५० ते १६५ रुपये. यंत्राची किंमत, व्याज, पगार, देखभाल हे सर्व त्यानंतरचे. म्हणजे हा धंदा एका अर्थाने वीज घेऊन ती वायूच्या रूपात विकण्याचा आहे. जो विजेत वाचवील तोच यात टिकेल. कृत्रिम बुद्धिमत्तेला या धंद्यात जागा मिळाली ती याच कारणाने.

शिंप्याची मापाची वही

डिजिटल ट्विन म्हणजे काय, हे समजण्यासाठी आपल्या नेहमीच्या शिंप्याचे उदाहरण घ्यावे. त्याच्यापाशी गिऱ्हाइकांच्या मापांची वही असते. गिऱ्हाईक समोर नसले तरी वहीतल्या मापावरून तो कापड बेततो. ती वही म्हणजे त्या गिऱ्हाइकाचे कागदावरचे जुळे भावंडच म्हणावयाचे. परंतु गिऱ्हाईक मधल्या काळात जाड झाले आणि वहीत जुनेच माप राहिले, तर कपडा बिघडतो. आता अशी कल्पना करा की, गिऱ्हाइकाच्या अंगात जसा फरक पडेल तसे वहीतले माप आपोआप बदलत राहते. यंत्राच्या बाबतीत हेच काम संगणकात केले की त्याला डिजिटल ट्विन म्हणतात.

ही कल्पना अगदीच नवी आहे असेही नाही. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ हे यान चंद्राकडे जात असताना त्यातील ऑक्सिजनची टाकी फुटली. तेव्हा अमेरिकेच्या नासा या संस्थेतील लोकांनी जमिनीवरील नमुना यानात तशीच अवस्था उभी करून प्रत्येक उपाय आधी तेथे तपासला आणि मगच तो अंतराळवीरांना सांगितला. तिघेही सुखरूप परत आले. आज तो नमुना संगणकात असतो आणि खऱ्या यंत्रावर बसविलेली मापकयंत्रे त्याला दर क्षणाला ताजे माप पुरवितात. त्यांना सर्रास सेन्सर म्हणतात.

हायड्रोजनच्या कारखान्यात या जुळ्या भावंडाला दाब, तापमान, पाण्याची शुद्धता, प्रत्येक सेलवरील विजेचा व्होल्टेज असे शेकडो आकडे मिळत असतात. यंत्र आता कसे आहे हे डिजिटल ट्विन सांगतो. जुन्या नोंदी पाहून उद्या काय होईल याचा अंदाज कृत्रिम बुद्धिमत्ता करते. उद्या दुपारी ऊन किती पडेल, वारा कधी सुटेल, वीज केव्हा स्वस्त असेल, त्याप्रमाणे यंत्र कधी पूर्ण आणि कधी अर्धे चालवावे, हे ती सुचविते. सेल जुना होत चालला की तेवढ्याच वायूसाठी व्होल्टेज थोडा थोडा वाढत जातो. डोळ्यांना न दिसणारी ही वाढ ती आधी पकडते, त्यामुळे यंत्र बंद पडण्यापूर्वीच दुरुस्तीचा दिवस ठरविता येतो.

कोणाला परवडते?

मध्य प्रदेशातील विजयपूर येथे गेल कंपनीने १० मेगावॅटचा प्रकल्प उभारला व मे २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याची क्षमता दिवसाला ४.३ टन हायड्रोजनची आहे. १० मेगावॅटचे यंत्र चोवीस तास पूर्ण चालले तर २ लाख ४० हजार युनिट वीज लागते. किलोमागे हिशेब ५६ युनिटांच्या आसपास येतो. अशा आकाराच्या कारखान्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने फक्त एक टक्का वीज वाचविली, तर दिवसाला २,४०० युनिट वाचतात. ५ रुपये दराने हे १२ हजार रुपये झाले. यंत्र वर्षभर पूर्ण चालले तर ४३ लाख ८० हजार रुपये. या बचतीतून संगणक प्रणालीचा खर्च निघू शकतो.

आता दुसरे टोक पाहा. आसाममध्ये जोरहाट येथे ऑइल इंडिया कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये दिवसाला १० किलो क्षमतेचा छोटा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. दहा किलोला ५५० युनिट वीज धरली, तर एक टक्का म्हणजे साडेपाच युनिट. दिवसाचे साडेसत्तावीस रुपये आणि वर्षाचे दहा हजार. एवढ्यासाठी कोणी लाखो रुपयांची प्रणाली विकू लागला, तर ती घेणे शहाणपणाचे होणार नाही. प्रायोगिक प्रकल्पात शिकण्यासाठी खर्च करणे वेगळे आणि नफ्यासाठी करणे वेगळे.

हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. आजकाल 'एआय' हे नाव लावून काहीही विकले जात आहे. गाळ्यावर येणारा विक्रेता जेव्हा सांगतो की, अमुक प्रणाली घेतली की धंदा दुप्पट होईल, तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारावा : माझे कोणते युनिट, कोणता माल किंवा कोणता तास वाचणार आणि त्याचे रुपये किती? ज्याला हा हिशेब मांडता येत नाही त्याला चहा पाजून परत पाठवावे.

आकडा होता, ऐकणारा नव्हता

यंत्र हुशार झाले म्हणजे माणसाची जबाबदारी संपली, असा एक समज पसरत आहे. तो किती घातक आहे हे दक्षिण कोरियातील एका दुर्घटनेवरून दिसते. गंगनंग या शहरात २३ मे २०१९ रोजी एका प्रायोगिक प्रकल्पातील हायड्रोजनच्या टाक्या फुटल्या. दोन माणसे ठार झाली व सहा जखमी झाली. मृत्यू पावलेले दोघे त्या प्रकल्पाचे कर्मचारी नव्हते. ते तेथे पाहणीसाठी आलेल्या उद्योजकांपैकी होते. आपल्यासारखीच धंद्यातली माणसे, नवे काही पाहावे म्हणून गेली होती.

चौकशीत जे समोर आले ते प्रत्येक कारखानदाराने लक्षात ठेवावे. इलेक्ट्रोलायझर ठरलेल्यापेक्षा कमी विजेवर चालविला जात होता. असे केल्यास हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळण्याचे प्रमाण वाढते. तो ऑक्सिजन काढून टाकणारे उपकरण बसविलेले नव्हते. वायूमध्ये ऑक्सिजन ३ टक्क्यांच्या वर गेल्याचे मोजणीत दिसले होते. परंतु प्रयोगाचे १,००० तास पुरे करावयाचे होते, म्हणून यंत्र चालूच ठेवण्यात आले. टाकीत ऑक्सिजनचे प्रमाण ६ टक्क्यांच्या वर गेले आणि स्थिर विजेची एक ठिणगी पुरली.

येथे आकडा नव्हता असे नाही. आकडा होता, पण त्याचे ऐकणारा कोणी नव्हता. डिजिटल ट्विन असता तर त्याने धोक्याचा दिवा आधी लावला असता. परंतु दिवा लागल्यावर यंत्र बंद करण्याची नियत माणसालाच ठेवावी लागते. ती नियत संगणकाच्या दुकानात मिळत नाही.

दुसरे उदाहरण चीनमधील. शिनजियांग प्रांतातील कुचा येथे सिनोपेक कंपनीचा २६० मेगावॅटचा प्रचंड प्रकल्प जून २०२३ मध्ये सुरू झाला. वर्षाला २० हजार टन हायड्रोजन देण्याची त्याची क्षमता आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्लूमबर्गच्या अभ्यासकांनी निदर्शनास आणले की, तेथील इलेक्ट्रोलायझर ३० टक्के भारापर्यंत खाली चालतील असे सांगितले गेले होते, प्रत्यक्षात मात्र ते ५० टक्क्यांखाली नीट चालत नव्हते. ज्याची वीज ऊन-वाऱ्यावर अवलंबून आहे त्याला हा फरक फार महाग पडतो. ऊन उतरले की यंत्र बंद करावे लागते किंवा दुसरीकडून वीज आणावी लागते.

अशा कारखान्याचे जुळे भावंड आधी संगणकात उभे करून वर्षभराचे ऊन-वारे त्यावर सोडून पाहता येतात. परंतु त्या भावंडाला ३० टक्के हाच आकडा दिला, तर तेही ३० टक्के धरूनच उत्तर देईल. मापात पाप असेल तर संगणक ते धुऊन काढीत नाही. उलट खोट्या मापाला खऱ्याचा रंग चढवितो. म्हणून या सगळ्या नव्या विद्येचा पाया जुनाच आहे : माप खरे हवे आणि नोंद खरी हवी.

आपला गाळा यात कोठे?

हायड्रोजनचा कारखाना म्हणजे फक्त इलेक्ट्रोलायझर नव्हे. त्याला शुद्ध पाण्याचा प्लांट लागतो, कित्येक मीटर स्टेनलेस स्टीलचे पाइप, फ्लँज, व्हॉल्व्ह, टाक्या, यंत्रे बसविण्याचे सांगाडे, केबल ट्रे, विजेचे पॅनल लागतात. ही कामे एका छताखाली होत नाहीत. मोठा कंत्राटदार ती मधल्याला देतो, मधला छोट्याला देतो आणि शेवटी ती आपल्या गाळ्यात येतात. आर्गन वेल्डिंग, टर्निंग, फिटिंग, वायरिंग यांत आपल्या कारागिरांचा हात कोणापेक्षा कमी नाही, हे कोणीही मान्य करील.

परंतु हायड्रोजन हा अवघड वायू आहे. तो सर्व वायूंत हलका आहे आणि बारीकशा फटीतूनही निसटतो. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत मिसळला असेल तर तो पेटू शकतो आणि त्याची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. काही जातींचे कडक पोलाद हायड्रोजन शोषून ठिसूळ होते. म्हणून येथे ३१६ एल जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या पाइपांची मागणी होते. ३०४ आणि ३१६ हे दोन पाइप शेजारी ठेवले तर डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. ओळख पटते ती कागदाने.

समजा, शेजारी शेजारी दोन गाळे आहेत. दोघांचे कारागीर सारखेच तयारीचे. पाइपावर हीट नंबर छापलेला असतो आणि कारखान्याचे टेस्ट सर्टिफिकेट त्याच नंबरावर निघते. पहिल्या गाळ्यात पाइप कापला जातो, नंबर असलेला तुकडा एका जॉबला जातो आणि उरलेला तुकडा बिननंबरी होऊन कोपऱ्यात पडतो. दोन्ही तुकडे एकाच पाइपचे आहेत हे कारागिराला ठाऊक असते, कागदाला ठाऊक नसते. दुसऱ्या गाळ्यात कापण्याआधी तोच नंबर दुसऱ्या टोकावर मारून घेतला जातो. प्रत्येक सांध्याला क्रमांक दिला जातो. तो कोणी जोडला, कोणत्या तारखेला, कोणती रॉड वापरली, तपासणीत काय निघाले, हे वहीत लिहिले जाते.

कारखान्याच्या डिजिटल ट्विनमध्ये प्रत्येक सांध्याची जन्मपत्रिका लागते. पाच वर्षांनी एखाद्या जागी गळती झाली की संगणक विचारणार, या पाइपचा हीट नंबर कोणता, त्याच नंबराचा माल आणखी कोठे कोठे बसला आहे? ज्याच्या मालाला उत्तर नाही, त्याचा माल स्वस्त असला तरी घेतला जाणार नाही. अशा वेळी पहिला गाळेवाला म्हणेल की, माझ्या वेल्डिंगमध्ये खोट काढून दाखवा. खोट निघणारही नाही. पण काम दुसऱ्याला जाईल. आपल्या कारागिराची रोजी कसबाच्या अभावी जाणार नाही, चार आण्याच्या वहीअभावी जाईल, ही आमची खरी चिंता आहे.

सरकारी कागदाचेही तेच आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने हरित हायड्रोजन प्रमाणन योजना सुरू केली. वायू हरित आहे हे तोंडी सांगून चालत नाही, कोणत्या विजेवर किती वायू बनविला याचा पुरावा द्यावा लागतो. ज्या मोठ्याला वर पुरावा द्यावा लागतो, तो खालच्याकडून पुरावा मागणारच.

कातिबांची आठवण

येथे काही बांधव शंका काढतील की, आपले सगळे कसब आणि नोंदी कंपनीच्या संगणकात भरून दिल्या, तर उद्या आपली गरज काय उरली? ही शंका रास्त आहे. आपल्यापैकी अनेकांनी उर्दू वर्तमानपत्रांतील कातिबांचे काय झाले ते डोळ्यांनी पाहिले आहे. १९८०-८१ च्या सुमारास पाकिस्तानातील खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी आपल्या हाताने हजारो नस्तालीक शब्दखंड लिहिले आणि ते संगणकात भरले गेले. त्यातून नूरी नस्तालीक तयार झाली. एका कसबी माणसाचा हात यंत्रात उतरला आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत भारत-पाकिस्तानातील शेकडो कातिबांच्या हातची लेखणी सुटली.

तेव्हा यंत्राला दार बंद करून कोणी टिकले नाही. परंतु ज्यांनी वेळीच संगणक हाती घेतला त्यांच्या सुंदर अक्षराची दृष्टी त्यांना तेथेही उपयोगी पडली. यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली, नोंद ठेवण्याचे काम आपल्याच घरातील मुलाने शिकावे. ते दुसऱ्याच्या हाती गेले तर धंद्याची किल्लीही त्याच्या हाती जाते. दुसरी, नोंद देताना ती फुकटात देऊ नये. कामाच्या करारातच लिहून घ्यावे की, या नोंदी या कामापुरत्याच वापरल्या जातील, त्यांची एक प्रत आपल्याजवळ राहील आणि नोंदी ठेवण्याच्या वेळेचा मोबदला दरात धरला जाईल. मोठी कंपनी हे सर्व लगेच मान्य करील असा आमचा भ्रम नाही. पण न मागणाऱ्याला तर काहीच मिळत नाही.

काय करावे?

पहिले काम आजच करता येते आणि त्याला संगणक लागत नाही. प्रत्येक जॉबला एक पान ठेवावे. हीट नंबर, टेस्ट सर्टिफिकेटची प्रत, वेल्डरचे नाव, तारीख, तपासणी, चालान यांची नोंद त्यावर करावी. सांध्याचा फोटो मोबाइलवर काढून त्याच क्रमांकाने जपून ठेवावा. सहा महिने हे नेमाने झाले की त्या नोंदी संगणकावर चढविणे हे मुलांचे आठवडाभराचे काम आहे. चुकलेले कामही लिहून ठेवावे. ज्या वहीत एकही चूक नाही त्या वहीवर जाणकार विश्वास ठेवीत नाही.

दुसरे, वर्षानुवर्षे आर्गन वेल्डिंग करणाऱ्या आपल्या अनेक कारागिरांपाशी कागद नाही. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत आधीच अवगत असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केलेली आहे. मुलांसाठी आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि फिटरचा दोन वर्षांचा आहे. सेन्सर व मापकयंत्रे बसविण्याचे, तपासण्याचे काम पुढे वाढणार आहे, म्हणून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाकडेही पालकांनी पाहावे. डिजिटल ट्विनचे डोळे-कान म्हणजे सेन्सर. तो चुकीचे माप देऊ लागला की सगळी कृत्रिम बुद्धिमत्ता आंधळी होते. ते माप बरोबर आहे की नाही, हे शेवटी पाना हातात घेतलेला माणूसच पाहणार आहे.

तिसरे, दाबाच्या वायूच्या टाक्या व सिलिंडर यांच्या बाबतीत उतावीळपणा करू नये. त्यांचे नियम व परवाने स्फोटक पदार्थांच्या सुरक्षिततेचे काम पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेकडे आहेत आणि तिचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. आधी टाकी बनवायची आणि मग परवानगीसाठी धावायचे, हा प्रकार हायड्रोजनमध्ये चालणार नाही. तो जिवावर बेतेल. परवाना नसेल तर सांगाडे, पाण्याचा प्लांट, केबल ट्रे अशा कामांपासून सुरुवात करावी.

चौथे, चार-पाच गाळेवाल्यांनी एकत्र यावे. तपासणीची यंत्रे, नोंदी ठेवणारा एक शिकलेला मुलगा आणि वेल्डरच्या परीक्षेचा खर्च एकट्याला जड जातो, पाच जणांत हलका होतो. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, ती करून घ्यावी. माल बनविणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत, असे २००६ च्या कायद्यात आहे. कायदा कागदावर असला तरी त्याचा आधार घेण्यासाठी आपल्यापाशी चालान आणि बिलाची तारीख हवी. म्हणजे पुन्हा गोष्ट वहीपाशीच येते.

कर्ज काढून धावू नये

शेवटी एक सावधगिरीची सूचना. हरित हायड्रोजनचा धंदा अजून बाळसे धरतो आहे. जुन्या पद्धतीच्या हायड्रोजनपेक्षा तो महाग पडतो आणि जगभर अनेक घोषणा कागदावरच राहिल्या आहेत. ऑस्ट्रेलियातील फोर्टेस्क्यू या बड्या कंपनीने २०३० पर्यंत वर्षाला दीड कोटी टनांचे उद्दिष्ट जाहीर केले होते; जुलै २०२४ मध्ये ते मागे ठेवून तिने ७०० लोकांची कपात केली. जे एवढ्या मोठ्यांचे झाले ते पाहून आपण घर गहाण टाकून या नावावर यंत्रे घेऊ नयेत. जो धंदा आज चालू आहे तो सोडू नये.

पण वहीला कर्ज लागत नाही. हायड्रोजनचे कारखाने उद्या आले नाहीत, तरी हीट नंबर आणि सांध्याची नोंद ठेवणाऱ्या गाळ्याला औषध कारखान्याचे, दूध डेअरीचे, शुद्धीकरण कारखान्याचे काम मिळेल. आले, तर तो दारात उभा असेल. दोन्ही बाजूंनी तोटा नाही असे सौदे धंद्यात फार थोडे असतात. हा त्यांपैकी एक आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांनी तोंडी शब्दावर व्यवहार केले आणि तो शब्द पाळला, म्हणून बाजारात त्यांची पत होती. तो शब्द आजही मोलाचा आहे. फक्त आज माल घेणारा आपल्याला ओळखत नाही, तो शेकडो मैल दूर संगणकासमोर बसलेला असतो. आपला शब्द त्याच्यापर्यंत पोचवावयाचा तर तो लिहून, तारीख घालून, नंबर मारून पाठवावा लागेल. खोटे माप लिहिणार नाही एवढा निश्चय असला, तर उरलेले काम एक पेन्सिल आणि दोनशे पानी वही यांतून आजच सुरू करता येते.